दोन शहरांचे एक गणित: ‘नंबिओ’च्या तुलनासेवेचे परीक्षण

दुसऱ्या शहरातील नोकरीचे पत्र हातात पडले की पगाराचा आकडा वाचून होताच घरात पुढचा प्रश्न निघतो: ‘तेवढ्यात तिथे भागेल का?’ या प्रश्नाला तयार उत्तर देणाऱ्या ज्या सेवा आहेत, त्यांत सर्वांत सहज हाताशी येणारी सेवा म्हणजे ‘नंबिओ’ हे संकेतस्थळ. म्लादेन अदामोविच या सर्बियन संगणक अभियंत्याने 2009 मध्ये सुरू केलेली ही सेवा वापरकर्त्यांनी स्वतः भरलेल्या किमतींवर चालते आणि सामान्य वापरासाठी तिला पैसे पडत नाहीत. दोन शहरांची नावे दिली की दोन्हीकडचे भाव, भाडी आणि पगार समोरासमोर मांडलेला तक्ता उघडतो. स्वतःसाठी आणि सल्ला मागणाऱ्यांसाठी हा तक्ता मी अनेकदा वाचला आहे, आणि माझे मत असे झाले आहे की ही सेवा जितकी कमी बेरीज करते तितकी ती उपयोगी ठरते आणि जितकी अधिक बेरीज करते तितकी ती फसवी होते.

आधी तक्त्याविषयी, कारण सेवेचे खरे मोल त्यातच आहे. दूध, तांदूळ, अंडी, एकेरी प्रवासाचे तिकीट, मासिक पास, इंधन, बालवाडीचे शुल्क, शहराच्या मध्यवर्ती भागातील एका शयनगृहाच्या सदनिकेचे भाडे आणि मध्यवर्ती भागाबाहेर तशाच सदनिकेचे भाडे, अशा पन्नासच्या आसपास बाबी त्यात येतात. प्रत्येक बाबीची व्याख्या दोन्ही शहरांसाठी सारखीच ठेवलेली असते. उदाहरणार्थ, वीज, पाणी, तापवणे आणि थंड करणे यांचा मासिक खर्च 85 चौरस मीटरच्या सदनिकेसाठी मोजलेला असतो. परिचितांना फोन करून चौकशी केली तर एक जण तीन खोल्यांच्या घराचे बिल सांगतो, दुसरा एका खोलीचे, आणि दोन्ही आकडे ऐकूनही तुलना होत नाही. तक्ता निदान मापाची पट्टी एक ठेवतो. मध्यवर्ती भागातील आणि बाहेरील भाडे वेगळे दाखवण्याचा निर्णय तर फारच शहाणपणाचा आहे. ही दोन भाडी एका शहरात जवळजवळ सारखी असतात आणि दुसऱ्या शहरात त्यांच्यात दुपटीचे अंतर असते, आणि हे अंतर समजले की त्या शहरातील प्रवासाचे स्वरूपही अर्धेअधिक समजते.

आकडे येतात कोठून, हा पुढचा प्रश्न. भरलेल्या नोंदींमधील अगदी वरच्या आणि अगदी खालच्या नोंदी गाळून उरलेल्यांवर हिशेब केला जातो, त्यामुळे एखाद्याने खोडसाळपणे भलताच भाव लिहिला तरी तो सहसा टिकत नाही. मात्र गाळणी विक्षिप्त आकडे काढू शकते, नोंदी करणाऱ्या वर्गाचा कल काढू शकत नाही. किमती नोंदवण्याची हौस असणारा माणूस बहुधा नोकरदार असतो, संगणकावर बसणारा असतो आणि बरेचदा तो स्वतःच दुसरीकडून आलेला असतो. त्याचे दुकान आणि त्याची वस्ती म्हणजे सगळे शहर नव्हे. शितावरून भाताची परीक्षा करण्यास हरकत नाही, पण सगळी शिते पातेल्याच्या एकाच बाजूने काढलेली नसावीत. नोंदी किती जणांनी केल्या आणि शेवटची नोंद केव्हाची आहे हे पानाच्या तळाशी दिलेले असते. वाचताना मी ते प्रथम पाहतो, आणि संख्या तोकडी असेल तर तो आकडा कच्चा समजून पुढे जातो.

तक्त्याच्या वर ठळकपणे झळकणारे वाक्य मात्र मला सर्वाधिक खटकते. पहिल्या शहरातील अमुक इतक्या रकमेत जे जीवनमान मिळते, तेच राखण्यासाठी दुसऱ्या शहरात तमुक इतकी रक्कम लागेल, असे ते वाक्य असते. त्यामागची गृहीतके सेवेने लपवलेली नाहीत: दोन्ही शहरांत तुम्ही भाड्याने राहता आणि रक्कम प्राप्तिकर वजा जाता हातात येणारी आहे, असे ती मानते. तरीही पाहणाऱ्याचे लक्ष आकड्यावर जाते, गृहीतकावर जात नाही. समजा, दुसऱ्या शहरात घरभाडे नेमके दुप्पट आहे आणि बाकी सर्व खर्च सरसकट 10 टक्क्यांनी जास्त आहे. ज्या कुटुंबाच्या खर्चात भाड्याचा वाटा 20 टक्के आहे, त्याचा खर्च तिथे 28 टक्क्यांनी वाढेल. ज्या एकट्या तरुणाचा निम्मा खर्च भाड्यावर होतो, त्याचा 55 टक्क्यांनी वाढेल. आणि ज्याच्या राहण्याची सोय दोन्हीकडे नोकरी देणारी संस्था करते, त्याचा केवळ 10 टक्क्यांनी. शहरे तीच, भाव तेच, आणि उत्तरे तीन. सेवा मात्र सर्वांना एकच उत्तर देते. पगाराच्या वाटाघाटीत हे वाक्य पुरावा म्हणून पुढे करणाऱ्यांनी आधी आपला स्वतःचा भाड्याचा वाटा मांडून पाहावा. काहींची मागणी त्यामुळे वाढेल, काहींची मुकाट्याने कमी होईल.

याच वाक्यात आणखी एक अडचण दडलेली आहे आणि ती अर्थशास्त्राला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. एत्येन लास्पेर यांनी 1871 मध्ये आणि हेर्मान पाशे यांनी 1874 मध्ये किमतींचा निर्देशांक काढण्याच्या दोन निरनिराळ्या रीती मांडल्या. एकीत जुन्या परिस्थितीतील वस्तूंचा संच धरायचा, दुसरीत नव्या. शहर बदलणारा माणूस आपला संच जसाच्या तसा उचलून नेत नाही. जिथे सार्वजनिक वाहतूक चांगली असते तिथे तो गाडी विकतो. जिथे बाहेरचे जेवण महाग असते तिथे तो घरी शिजवू लागतो. म्हणून जुन्या सवयींच्या आधारे काढलेली वाढ सहसा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. तक्त्यातील नव्या मोटारीच्या किमतीची ओळ गाडी न बाळगणाऱ्याने सरळ खोडून टाकावी.

शहरांच्या क्रमवारीकडे पाहताना न्यूयॉर्कचा आकडा कायम 100 धरलेला असतो, हे ध्यानात ठेवावे लागते. न्यूयॉर्कच महाग झाले की जिथे काहीही बदललेले नाही ते शहर आपोआप स्वस्त झालेले दिसते. चलनाचेही तेच. एखाद्या देशाचे चलन घसरले की त्यातील शहरे क्रमवारीत खाली उतरतात, पण त्याच चलनात पगार घेणाऱ्याला बाजारात उलटाच अनुभव येत असतो, कारण आयात केलेली प्रत्येक वस्तू त्याला महाग पडते. ज्याचा पगार आणि खर्च एकाच चलनात आहे त्याने क्रमवारी सोडून द्यावी आणि ‘स्थानिक क्रयशक्ती’ हा निर्देशांक पाहावा. तेथील सरासरी पगारात तेथे किती विकत घेता येते, हे तो सांगतो.

आता ‘जीवनाच्या गुणवत्तेचा निर्देशांक’. क्रयशक्ती, सुरक्षितता, आरोग्यसेवा, हवामान, राहणीचा खर्च, घराची किंमत आणि उत्पन्न यांचे गुणोत्तर, प्रवासाचा वेळ आणि प्रदूषण या आठ गोष्टी ठरावीक गुणकांनी मिळवून आणि वजा करून तो काढतात. सूत्र जाहीर केलेले आहे, याबद्दल सेवेचे कौतुकच करायला हवे. पण ते वाचले की चमत्कारिक गोष्टी समोर येतात. सुरक्षिततेच्या प्रत्येक गुणाला अर्धा गुण मिळतो आणि प्रवासवेळेच्या निर्देशांकातील प्रत्येक मिनिटाला अर्धा गुण कापला जातो. म्हणजे कामावर पोहोचायला एक मिनिट जास्त लागणे आणि सुरक्षिततेचा एक गुण गमावणे यांची किंमत या हिशेबात अगदी सारखी आहे. ती सारखी का असावी? कोणाला रात्री उशिरा एकटे परतावे लागते आणि कोणाला नाही, यावर ती ठरते, आणि सूत्राला ते विचारता येत नाही. राहणीच्या खर्चाला थेट गुणक केवळ एक दशांश दिलेला आहे, पण क्रयशक्तीच्या गुणांत तोच खर्च आधी एकदा धरलेला असतो. एक गोष्ट दोन दारांनी आत येते. शिवाय सुरक्षिततेचे गुण गुन्ह्यांच्या सरकारी नोंदींवरून काढलेले नसतात. दिवसा आणि रात्री एकट्याने चालताना किती सुरक्षित वाटते अशा प्रश्नांना लोकांनी दिलेल्या उत्तरांवरून ते येतात. वाटणे हीही महत्त्वाची माहिती आहे, पण ती वाटण्याची माहिती आहे.

मूळ घोटाळा मात्र याहून खोल आहे. खर्च एका रकान्यात आणि गुणवत्ता दुसऱ्या रकान्यात, अशी मांडणी करताना या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या आहेत असे धरले जाते. अर्थतज्ज्ञ शेरविन रोझेन यांनी 1979 मध्ये आणि जेनिफर रोबॅक यांनी 1982 मध्ये याच्या नेमके उलट मांडले. स्वच्छ हवा, कमी गुन्हे, सुसह्य हवामान अशा सोयी ज्या शहरात असतात तिथे लोक येऊ पाहतात, त्यामुळे तेथील भाडी चढतात आणि कमी पगारावरही माणसे राहायला तयार होतात. म्हणजे चढ्या भाड्याचा एक भाग हा त्या गुणवत्तेचाच दर असतो. स्वस्त आणि उत्तम असे शहर शोधणाऱ्याला ते सहसा सापडत नाही, याचे कारण त्याचा शोध अपुरा असतो असे नाही. त्याच्याआधी इतरांनी ते शोधून तेथील भाडे वाढवलेले असते. मात्र ज्या सोयी तुमच्या उपयोगाच्या नाहीत त्यांचाही दर तुम्ही भाड्यातून भरता. नामांकित शाळांच्या परिसरात मूल नसलेल्या जोडप्याने घर घेऊ नये, हा सल्ला यातूनच निघतो, आणि संपूर्ण तुलनेत मला तो सर्वांत कामाचा वाटतो.

इतर पर्याय आहेत, पण ते या प्रश्नासाठी बनवलेले नाहीत. ‘मर्सर’ या सल्लागार कंपनीची राहणी खर्चाची पाहणी परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांचे भत्ते ठरवणाऱ्या कंपन्यांसाठी असते, तिच्यातील घर आणि शाळा त्या वर्गाच्या असतात. ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ या संशोधन संस्थेचा राहण्यायोग्यतेचा निर्देशांक स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा या पाच गटांत 173 शहरे तोलतो. 2022 ते 2024 अशी सलग तीन वर्षे व्हिएन्ना त्यात पहिले होते आणि 2025 मध्ये कोपनहेगनने ती जागा घेतली. त्या तराजूत किमती मुळी ठेवलेल्याच नाहीत. ‘यूबीएस’ या बँकेने अनेक वर्षे वापरलेली रीत मला त्यामानाने अधिक प्रामाणिक वाटते: ठरावीक वस्तू घेण्यासाठी सरासरी कामगाराला किती मिनिटे किंवा तास काम करावे लागते, हे ती सांगते, आणि तेथे चलनाचा गोंधळच उरत नाही.

‘नंबिओ’चा तक्ता मी आता असा वापरतो. वरचे वाक्य झाकतो, आपल्या घराच्या मागील तीन महिन्यांच्या खर्चाशी एकेक ओळ जुळवतो आणि भाड्याचा आकडा प्रत्यक्ष जाहिरातींवरून तपासतो. मग तक्त्यात नसलेल्या ओळी स्वतः लिहितो. पहिली ओळ वेळेची: जाताना आणि येताना प्रत्येकी 45 मिनिटे जास्त लागली तर 22 कामाच्या दिवसांत 33 तास जातात, म्हणजे आठ तासांचे चार पूर्ण दिवस. दुसरी ओळ स्थलांतराच्या एकरकमी खर्चाची, ज्यात अनामत, दलाली, सामानाची वाहतूक आणि दोन्हीकडे पडणारे पहिल्या महिन्याचे भाडे येते. हा खर्च दोन पगारांइतका झाला आणि नव्या शहरात दरमहा पगाराच्या आठ टक्के जास्त शिल्लक पडत असली, तर तो भरून निघायला 25 महिने लागतात. तोवर भाडेकराराची मुदत बहुधा एकदा तरी संपलेली असते, आणि घरमालक नवा आकडा सांगतो तेव्हा भाड्याची ओळ पुन्हा भरावी लागते.