टेस्टिंग रूम, महोत्सव की घरची भिशी: वाईनची ओळख कुठे करून घ्यावी?

जानेवारी लागला की पुण्या-मुंबईच्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. "नाशिकला यायचंय, वाईन चाखायचीय, कुठे जाऊ?" मी नाशिकची, आजोळ पिंपळगाव बसवंतकडचं, शाळेच्या सुट्ट्या द्राक्षबागेत गेलेल्या. त्यामुळे माझ्याकडे उत्तर असणारच असं सगळे धरून चालतात. उत्तर आहे, पण विचारणारा काय शोधतोय त्यावर ते बदलतं. एकाला वाईन समजून घ्यायची असते. दुसऱ्याला मित्रांबरोबर एक मोकळा दिवस हवा असतो. तिसऱ्याला दोन्ही हवं असतं आणि रविवारी रात्री कसारा घाट उतरून घरीही पोचायचं असतं.

पर्याय साधारण तीन. वाईनरीच्या टेस्टिंग रूममध्ये जाणं, काढणीच्या मोसमातल्या महोत्सवाला जाणं, किंवा ओळखीच्या माणसांनी एकत्र बसून घरीच चाखणं. माझं मत आधीच सांगते: शिकायचं असेल तर पहिली पायरी टेस्टिंग रूम, तीही लहान, आणि शनिवार-रविवार सोडून. पण शिकलेलं टिकतं ते तिसऱ्या ठिकाणी.

गंगापूर की सांजेगाव

टेस्टिंग रूमचं महत्त्व कळायला आपल्याकडची जुनी सवय आठवावी लागते. महाराष्ट्रात 'वाईन शॉप' म्हणजे दारूचं दुकान. काउंटरवर गर्दी, जाळीआडून बाटली घ्यायची, कागदात गुंडाळायची आणि निघायचं. ही वाईन कशी लागते, असं तिथे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. बायकांनी तर त्या रांगेत उभं राहायचंच नाही, असा अलिखित नियम. सुला विनयार्ड्सने २००५ मध्ये गंगापूर धरणाजवळ टेस्टिंग रूम उघडली, ती देशातल्या वाईनरीतली पहिली. सुलाचे संस्थापक राजीव सामंत यांनी तिथे सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या पांढऱ्या वाईनच्या द्राक्षजाती नव्वदच्या दशकात लावल्या आणि २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आणली. वाईन करण्याइतकंच मोठं काम त्यांनी टेस्टिंग रूम उघडून केलं असं मला मनापासून वाटतं. आई, मावशी, सासूबाई अशा घरच्या बायका एका टेबलाशी बसून ग्लास नाकाशी नेताहेत, हे दृश्य नाशिकने त्यानंतर पाहिलं.

आज गंगापूर-सावरगाव रस्ता म्हणजे वाईनचा हमरस्ताच झाला आहे. सुलात सगळं आहे: वाईनरीची फेरी, चाखण्याचा काउंटर, उपाहारगृहं, राहायची सोय. पहिल्यांदा येणाऱ्याला टाकी कशी दिसते, ओकची पिंपं कशी रचतात, पांढऱ्या वाईनचा रस सालींपासून आधीच वेगळा का काढतात आणि लाल वाईनचा रस सालींसकट का आंबवतात, हे सगळं नीट सांगितलं जातं. अडचण गर्दीची. हंगामातल्या रविवारी संध्याकाळी तिथे जत्रा असते, आणि जत्रेत वास घेता येत नाही. शेजारच्याचं अत्तर, स्वयंपाकघरातला लसूण, मोठ्याने लावलेलं गाणं, यात सोव्हिन्यों ब्लांचा हिरवा गंध कुठच्या कुठे जातो.

जवळच यॉर्क आहे. २००६ मध्ये गुरनानी कुटुंबाने सुरू केलेली ही वाईनरी आकाराने लहान. संध्याकाळी धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसलं की हलावंसं वाटत नाही. २०२१ मध्ये ती सुलाने घेतली. म्हणून एक सुचवते: दोन वेगळ्या घराण्यांची वाईन शेजारी-शेजारी ठेवून फरक ओळखायचा असेल, तर सुला आणि यॉर्क ही जोडी त्यासाठी घेऊ नका. सूर्यास्तासाठी यॉर्कला जरूर जा. त्याच रस्त्यावरचं सोमा हे मुक्कामाला जाणाऱ्या कुटुंबांसाठी अधिक सोयीचं.

वेगळेपण बघायचं तर इगतपुरी तालुक्यात, सांजेगावला जा. मुंबईहून येताना ते नाशिकच्या आधीच लागतं. घोटी मागे पडलं की महामार्ग सोडायचा, भातखाचरांमधून आत शिरायचं. मुकणे धरणाचं पाणी दिसायला लागतं. व्हॅलोने आणि ग्रोवर झाम्पा या दोन वाईनऱ्या याच परिसरात आहेत. ग्रोवरचं मूळ कर्नाटकात नंदी हिल्सजवळ. २०१२ मध्ये त्यांचं इथल्या वाईनरीशी विलीनीकरण झालं. त्यामुळे एका काउंटरवर दोन राज्यांतल्या मातीची वाईन चाखायला मिळू शकते. तशी मागणी करा. व्हॅलोने शैलेंद्र पै यांची, लहान आणि निवांत. राहायला मोजक्या खोल्या आणि जेवायला चांगली जागा. इथे फेरी दाखवणाऱ्याला घाई नसते, आणि माझ्या लेखी सगळा फरक तिथेच पडतो.

घाईचा अनुभव मी घेतला आहे. एका मोठ्या ठिकाणी, नाव सांगत नाही, आम्हा वीस जणांना सहा वाईन पंचवीस मिनिटांत चाखवल्या. लाल वाईन कोमट होती. बाटली आदल्या दिवशीची का त्याच्याही आधीची, हे विचारल्यावर मुलगा गोंधळला. त्याचा दोष नव्हता. त्याच्यामागे पुढचा गट उभा होता. माझ्याबरोबर आलेली मैत्रीण त्यानंतर दोन वर्षं म्हणत राहिली, "रेड मला आवडत नाही." तिला वाईट ठेवलेली रेड आवडली नव्हती, एवढंच. उघडलेली बाटली दोन-तीन दिवसांत उतरते. म्हणून काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारा: ही कधी उघडली? चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचा कोणाला राग येत नाही, नवी बाटली येते.

आता सांजेगावची सकाळ. फेब्रुवारी, मंगळवार, आम्ही चौघंच. माझ्याबरोबर मामा होते. तीस वर्षं थॉमसन ही खायची द्राक्षं पिकवलेला बागायतदार, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांच्या हिशोबात आयुष्य गेलेलं, पण वाईनचा थेंबही न चाखलेला माणूस. फेरी सुरू व्हायच्या आधी आम्हाला मळ्यात नेलं आणि काबर्ने सोव्हिन्यों या लाल वाईनच्या द्राक्षाचा एक घड हातात दिला. मणी जेमतेम करवंदाएवढे, काळेभोर, साल जाड. मामांनी एक मणी तोंडात टाकला, चावला आणि बिया तळहातावर घेतल्या.

"ही कोण खाईल गं?" म्हणाले. मग बिया उन्हात धरून बघितल्या. "पण बी तपकिरी झालंय. माल तयार आहे."

फेरी दाखवणारा तरुण थबकला. आम्हीही काढणी ठरवताना हेच बघतो, तो म्हणाला, नुसत्या साखरेवर जात नाही. बी हिरवं असेल तर वाईन कडवट होते. पुढची पंधरा मिनिटं ते दोघंच बोलत होते. एकरी किती माल धरता, खायच्या द्राक्षाच्या निम्म्याच्या आसपासच का ठेवता, ब्रिक्स म्हणजे रसातली साखर किती आल्यावर तोडता, अवकाळी आला तर काय करता. आत गेल्यावर मामांनी सोव्हिन्यों ब्लांचा ग्लास हुंगला आणि म्हणाले, "कैरी. नाही, कच्चा पेरू." लाल वाईनचा घोट घेऊन जीभ टाळूवर फिरवली: "जांभळं खाल्ल्यावर होते तशी झाली." टॅनिन, म्हणजे लाल वाईनमधला तुरटपणा, काय असतो ते मी आजवर याहून सोप्या शब्दांत ऐकलेलं नाही. चाखायला जाल तेव्हा बाटलीमागचं ब्लॅकबेरी, गूजबेरी बाजूला ठेवा. गूजबेरी आपल्यापैकी किती जणांनी खाल्ली आहे? जांभूळ, करवंद, पेरू, चिंच, ओल्या मातीचा वास, शिमला मिरची चिरल्यावर येतो तो वास, हे आपलं भांडार आहे आणि ते पुरतं.

आठवड्याच्या मधल्या दिवशी, लहान ठिकाणी गेलात तर असं काही घडायला जागा राहते. गर्दीत नाही राहत.

महोत्सवाला कोणी जावं

द्राक्षकाढणी साधारण जानेवारी ते मार्च, आणि महोत्सवही त्याच सुमारास. सर्वांत मोठा सुलाफेस्ट. २००८ मध्ये सुरू झाला, करोनामुळे काही वर्षं थांबला आणि २०२५ मध्ये पुन्हा भरला. मोठा रंगमंच, नावाजलेले गायक-वादक, खाण्याचे स्टॉल, द्राक्षं तुडवायचा हौद. मी गेले आहे आणि मला मजा आली. पण तो संगीत महोत्सव आहे, वाईन तिथे सोबतीला असते. ऊन, धूळ, रांग आणि हातात चालता-चालता प्यायचा ग्लास. अशा वेळी गार शेनिन ब्लां छान लागते, पण तिच्याबद्दल काही कळत नाही. संगीतासाठी जाणार असाल तर पैसे वसूल. वाईनसाठी जाणार असाल तर तेवढ्याच पैशांत दोन लहान टेस्टिंग आणि एक चांगलं जेवण होतं. त्यातच नाशिकमधली राहण्याची ठिकाणं त्या दिवसांत भरलेली आणि महागलेली असतात.

पणजीत गोवा पर्यटन महामंडळाचा ग्रेप एस्केपेड भरत आला आहे. त्याचा बाज वेगळा: वेगवेगळ्या कंपन्यांचे स्टॉल एका आवारात असल्याने तुलना करायला तो उलट बरा. संध्याकाळी लवकर, गाणी सुरू व्हायच्या आत जावं.

द्राक्षं तुडवण्याविषयी दोन शब्द, कारण निम्मे लोक त्यासाठीच येतात. त्या हौदातल्या द्राक्षांची विक्रीची वाईन होत नाही. आत यंत्रं घड सोडवतात आणि रस काढतात. तरीही तो अनुभव घ्यावा. पायाखाली मणी फुटतात तेव्हा गुडघ्यापर्यंत गारवा चढतो आणि पाय दिवसभर चिकट राहतात. लहान मुलांना याहून मोठा आनंद नाही. चाखण्याला मात्र वयाची अट २१, तेव्हा मुलं असतील तर एका मोठ्या माणसाला त्यांच्याबरोबर राहावं लागेल हे आधीच ठरवा. मोठ्या गर्दीची भीती असेल तर काही वाईनऱ्या काढणीच्या दिवसांत तुडवणं, फेरी आणि जेवण असा छोटा कार्यक्रम ठेवतात, तो विचारून घ्या.

भिशी

आमची भिशी दहा जणांची. दोन शिक्षिका, एक बँकेतले, एक डॉक्टर, बाकी असेच. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी. एका महिन्याला एकच जात घ्यायची: या वेळी शिराझ, पुढच्या वेळी शेनिन. पाच वेगवेगळ्या वाईनऱ्यांच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या, वर आकडा लिहायचा आणि यजमानाने तोंड उघडायचं नाही. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत प्रत्येकी ५० मिलिलिटरप्रमाणे पंधरा जणांचं होतं, म्हणजे आम्हा दहांना पुरून उरते. उरलेली जेवताना. खर्च सारखा वाटून घ्यायचा. माणशी अर्ध्या बाटलीचा खर्च येतो आणि पाच वाईन चाखून होतात.

शिकायला होतं ते इथे. टेस्टिंग रूममध्ये सगळ्या बाटल्या एकाच घरच्या असतात आणि सांगणाराही त्याच घरचा. भिशीत कागद सोडला की दरवेळी कोणाचा तरी ठाम समज मोडतो. सर्वांत महाग बाटली आमच्याकडे पहिली क्वचितच आली. अकलूजच्या फ्रातेल्ली वाईनरीची सांजोव्हेजे ही लाल वाईन ज्या रात्री आणली, त्या रात्री नाशिकच्या पक्क्या अभिमान्यांनीही तिलाच सर्वांत वर ठेवलं. सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हातून हे येतं यावर दोघांचा विश्वास बसेना.

खाण्याचा मेळ घरीच कळतो. कोथिंबीर वडीबरोबर शेनिन ब्लां फार जुळते. सुरमईच्या रवा-फ्रायला सोव्हिन्यों ब्लां, वर लिंबू पिळायची गरज उरत नाही. तर्रीदार मिसळीबरोबर मात्र रेड उघडू नका. तिखट आणि टॅनिन एकमेकांना चढवतात आणि तोंडाची नुसती आग होते. आणि रेड प्यायच्या आधी वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. 'रूम टेंपरेचर' म्हणतात ती खोली थंड देशातली, एप्रिलमधली आपली नव्हे.

भिशीची उणीवही आहे. मळा दिसत नाही. टाकीला कान लावला की आत चाललेला हलका खदखदाट ऐकू येत नाही. सगळेच नवखे असतील तर पहिले दोन महिने नुसतं "छान आहे, छान आहे" चालतं. म्हणून मी म्हणते, आधी एकदा टेस्टिंग रूमला जाऊन या, मग भिशी सुरू करा. बाटल्या विकत घेताना पिण्याच्या परवान्याचं विचारून घ्या. एका दिवसाचा दुकानातच मिळतो.

आता नेमकं काय करावं, ते. दोन दिवस असतील तर फेब्रुवारीतला मंगळवार-बुधवार धरा. मुंबईकरांनी पहिल्या दिवशी सकाळी अकराला सांजेगाव गाठावं, कारण जेवणाआधी जीभ ताजी असते. दुपारी तिथेच जेवावं, संध्याकाळी यॉर्कला सूर्यास्त बघावा, दुसऱ्या सकाळी सुलाची फेरी करावी. एकच दिवस असेल तर फक्त सांजेगाव. २६ जानेवारीची सुट्टी बघून बेत आखू नका, त्या दिवशी ड्राय डे असतो. दरवर्षी कोणीतरी दारातून परत जातं. काउंटरवर थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका. गाडी चालवणाऱ्याने चाखूच नये. त्यापेक्षा नाशिकरोडपर्यंत रेल्वेने या आणि दिवसाची गाडी ठरवा.

परतताना प्रत्येक ठिकाणाहून एकेक बाटली घ्या, एकाच जातीची. त्या तीन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या की तुमच्या भिशीचा पहिला महिना तयार.