डेन्व्हरचा मामा

एकूण गेले ६३,५०० रुपये. त्यातले ९,५०० अडवता आले, बाकीचे गेले ते गेलेच. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात तो अजून कुणी मोठ्यानं म्हणत नाही.

माझं लातूरच्या एमआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर हातात व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचं साधन. ज्याचं पोट मिलिमीटरच्या दशांशावर चालतं, तो माणूस पुऱ्या सहा मिलिमीटरनं गंडला.

रेल्वेची छोटी मॉडेलं करायचा छंद कसा लागला ते थोडक्यात. लहानपणी वडिलांसोबत पंढरपूरला जायचं ते ‘बार्शी लाईट’नं. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही अडीच फुटी रेल्वे १८९७ साली आधी बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. येडशीच्या चढावर इंजिनाला धाप लागायची, ती मला अजून ऐकू येते. पुढं रूळ उखडले, ब्रॉडगेज झालं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा अख्खं गाव टँकर बघायला गेलं होतं, मीही गेलो. सगळे पाणी बघत होते. मी बघत होतो रुळांमधलं अंतर. त्याच वर्षी वरच्या खोलीत प्लायवूड टाकलं.

बार्शी लाईटचं मॉडेल बाजारात मिळत नाही, म्हणून शोधत शोधत पोचलो अमेरिकेत. कोलोरॅडोतली डेन्व्हर अँड रिओ ग्रँड ही तीन फुटी रेल्वे. कारणं आपल्यासारखीच, पैसा कमी आणि डोंगर जास्त. रूळ अरुंद असले की वळण आवळ घेता येतं, डोंगर कमी फोडावा लागतो. ड्युरँगो ते सिल्व्हर्टन हा १८८२ चा फाटा आजही वाफेवर चालतो. चामा गावाहून कम्ब्रेस खिंडीत चढताना शंभर फुटाला चार फूट चढ आहे. तो चढ मी आठ बाय चारच्या प्लायवर बसवला, मीटरला चार सेंटिमीटर. डोंगर थर्माकोल आणि पीओपीचा, झाडं बाभळीच्या काटक्यांची, पाण्याची टाकी चहाच्या डब्याची. वर पत्रा असल्यानं पहिल्याच मे महिन्यात रुळांना उंटासारखी पाठ आली, मग सगळे उखडून सांध्यात फटी ठेवून पुन्हा बसवले. आई जिन्यातून ओरडायची, “लेकराचं खेळणं घेऊन काय करलालास रं?”

आता एक तांत्रिक गोष्ट नीट वाचा, कारण सगळी फसवणूक तिच्यातच दडलेली आहे. या अरुंद रुळांच्या मॉडेलांना नावं असतात एचओएन३, ओएन३० अशी. पुढची अक्षरं म्हणजे प्रमाण. एचओ म्हणजे मूळच्या ८७ पट लहान, नुसतं ओ म्हणजे ४८ पट लहान. ‘एन’ म्हणजे अरुंद. शेवटचा आकडा खऱ्या रेल्वेच्या रुळांमधलं अंतर सांगतो, ३ म्हणजे तीन फूट आणि ३० म्हणजे तीस इंच. माझा ट्रॅक एचओएन३ चा, म्हणजे ९१४ मिलिमीटर भागिले ८७, साडेदहा मिलिमीटर. ओएन३० मात्र साडेसोळा मिलिमीटरच्या रुळावर धावतं, आणि साध्या, रुंद रुळाच्या एचओ गाड्यांचा ट्रॅकही नेमका तेवढाच असतो. त्यामुळं स्वस्तातल्या एचओ इंजिनाच्या सांगाड्यावर वेगळी बॉडी चढवली की त्याला कुणीही ‘नॅरोगेज’ म्हणून खपवू शकतो. शब्द खोटा नसतो, माल खोटा असतो.

जुन्या वस्तू विकायच्या एका ॲपवर जाहिरात दिसली. अमेरिकन नॅरोगेज, दोन बॉक्सकार म्हणजे मालाचे बंद डबे, ४,८०० रुपये. विकणारा पुण्याचा, तिशीतला आवाज, शुद्ध मराठी. म्हणाला, मामा डेन्व्हरला होते, गेल्या वर्षी वारले, त्यांचा संग्रह आमच्याकडं पडून आहे, घरात कुणाला त्यातलं काही कळत नाही. डबे चार दिवसांत आले. अस्सल, साडेदहाच्या रुळावर अलगद बसले. आता वाटतं, हे ४,८०० म्हणजे त्यानं गळाला लावलेला गांडूळ होता, आणि गांडूळ खरंच ताजं होतं.

फसवणुकीच्या गोष्टींत ठग नेहमी घाई करतो, “आत्ताच पैसे टाका” म्हणतो. या गड्यानं दीड महिन्यात एकदाही घाई केली नाही. “काका, निवांत बघा. मामांच्या वस्तू जाणकाराच्या घरी गेल्या पाहिजेत.” त्यानं माझ्या लेआउटचे, म्हणजे प्लायवरच्या त्या रूळ-डोंगराच्या मांडणीचे, फोटो मागवले. चढ कसा मोजला, टाकी कशाची केली, उन्हाळ्यात रुळाचं काय करता, सगळं विचारलं. लातुरात या विषयावर माझ्याशी पाच मिनिटं बोलणारा माणूस नाही. हा अर्धा अर्धा तास ऐकायचा. मी दुकान बंद करून गाडीवर बसल्या बसल्या त्याला फोटो पाठवायचो. बायको म्हणाली, “अहो, व्याह्याशी तरी एवढं बोलता का?”

मग निघालं इंजिन. के-२७, पितळी, जपानमध्ये हातानं बनवलेलं. खरी के-२७ ही बाल्डविन कारखान्यानं १९०३ मध्ये केलेली पंधरा इंजिनं, टोपणनाव ‘मडहेन’. त्यांची खासियत म्हणजे चौकट चाकांच्या बाहेर असते. बाजूनं बघितलं तर चाकं झाकलेली आणि बाहेर नुसते वजनदार क्रँक फिरताना दिसतात. मला याच इंजिनाचं वेड. भाव त्यानं ५८,००० सांगितला, ५४,००० ला तुटला. लक्षात घ्या, भाव पडका नव्हता. जुन्या पितळी इंजिनाला एवढे पडतातच. “फार स्वस्त असेल तर संशय घ्या” हा सल्ला मला पाठ होता, तो इथं लागूच पडला नाही.

खुणा होत्या. तीन फोटोंत कॅबवर, म्हणजे ड्रायव्हरच्या खोपीवर, ४६३ नंबर आणि चौथ्यात ४६४. पंधरांपैकी हीच दोन खरी इंजिनं आज शिल्लक आहेत, तेव्हा मीच त्याच्या वतीनं उत्तर शोधलं, मामांकडं दोन्ही असतील! चालत्या इंजिनाचा व्हिडिओ चौदा सेकंदांचा, त्यात ना कुणाचा हात, ना आवाज. यूपीआयवर नाव आलं एका बाईचं. विचारलं तर “मिसेसचं खातं आहे, काका.” मी निम्मे, २७,००० टाकले. कुरिअरच्या पावतीचा फोटो आल्यावर उरलेले २७,०००. पावतीवर पाठवणाऱ्याचं गाव पुणे नव्हतंच. तेही पाहिलं आणि सोडून दिलं.

पार्सल वर्कशॉपवर आलं. लेथ बंद केलं, हात धुतले, बाकावर स्वच्छ फडकं अंथरलं. आतून निघालं ते प्लास्टिकचं, वरून पितळी रंगाचा फवारा मारलेलं. चाकं उघडी, चौकट आत. ४६३ हा नंबर ब्रशनं काढलेला, तीनच्या शेपटीला रंगाचा ओघळ. चाकांमध्ये व्हर्नियर घालायचीही गरज नव्हती, तरी घातली. अंतर साडेसोळा मिलिमीटरच्या रुळाचं. माझा कामावरचा पोरगा म्हणाला, “मालक, हे आपल्या रुळावर बसंना की.”

फोन केला तर तो उचलला, हे विशेष. शांतपणे म्हणाला, “काका, तुमचा ट्रॅक एचओएन३ चा आहे का? अहो, हे ओएन३० आहे. जाहिरातीत तीन बघून तुमचा गोंधळ झालेला दिसतो.” तुम्हाला खरं वाटणार नाही, पण दोन दिवस मी स्वतःलाच दोष देत बसलो. जाहिरात परत बघायला गेलो तर ती काढून टाकलेली. त्याचे जुने मेसेजही एकेक करून पुसले गेले होते.

तिसऱ्या दिवशी हिशेब सुचला. ओएन३० असेल तर प्रमाण ४८ पट लहान, म्हणजे साडेपाच फुटी ड्रायव्हर साधारण ३५ मिलिमीटरचा हवा. कॅबचं दार मोजलं तर २२ मिलिमीटर. त्या दारातून ८७ पट लहान केलेला माणूस जातो, म्हणजे एचओचा. रूळ एकाचे सांगतो आणि दार दुसऱ्याचं. हे मी त्याला ऐकवलं. तो म्हणाला, “बरोबर आहे काका, पॅकिंग करताना चूक झाली. परत पाठवा, पूर्ण पैसे देतो. फक्त परतीचा विमा आणि हँडलिंगचे ९,५०० आधी भरावे लागतील, तेही रिफंडमध्ये परत मिळतील.”

आणि मी भरले. यावर काही बोलू नये हे बरं.

रात्री जेवताना भाच्याला सांगितलं. त्यानं हातातला घास खाली ठेवला. “मामा, पैसे परत घ्यायला पैसे भरावे लागतात का कुठं?” मामा डेन्व्हरचा, आणि मामा बनलो मी. भाच्यानं तिथल्या तिथं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. शेवटचा व्यवहार तासाभरापूर्वीचा होता, म्हणून ९,५०० समोरच्या खात्यात गोठवले गेले. आधीचे ५४,००० तोवर कुठल्या कुठं गेले होते. मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार केली. तिथं प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय क्रमांक लागतो, तो आपल्या ॲपमध्ये असतो. मेसेजचे स्क्रीनशॉट मात्र माझ्याकडं मोजून सहा निघाले, कारण बाकीचे त्यानं आधीच पुसलेले. तुम्ही असला काही व्यवहार करत असाल तर रोजच्या रोज स्क्रीनशॉट काढून ठेवा, संशय येईपर्यंत थांबू नका. आणि पैसे टाकण्याआधी व्हिडिओ कॉल करा, चाकांमध्ये पट्टी धरून दाखवायला सांगा. ज्याच्याकडं माल आहे त्याला पट्टी सापडते.

पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारलं, “वस्तू काय होती?” म्हटलं, रेल्वेचं इंजिन. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. पुढं पाऊण तास मी सरकारी कागदावर एचओएन३ म्हणजे काय ते लिहून देत होतो. शेवटी त्यांनी ‘खेळण्यातील आगगाडी’ असं लिहिलं आणि मी सही केली. ९,५०० कोर्टाच्या आदेशानंतर सुटतील म्हणाले.

हे सगळं गिळून गप्प बसणार होतो. पण परवा भाच्यानं दुसऱ्या एका ॲपवरची जाहिरात आणून दाखवली. “दिवंगत मामांचा डेन्व्हर येथील संपूर्ण नॅरोगेज लेआउट, इंजिनासह.” नाव वेगळं, नंबर वेगळा. फोटोत चार टक्क्यांचा चढ, बाभळीच्या काटक्यांची झाडं आणि चहाच्या डब्याची टाकी. मीच गाडीवर बसून त्याला पाठवलेले फोटो. आम्ही जाहिरात रिपोर्ट केली आहे, पण हे लिहिस्तोवर तरी ती तिथंच आहे. तुमच्या नजरेस पडली तर फोटोच्या डाव्या कोपऱ्यात बघा. डेन्व्हरच्या त्या खोलीत आमच्या कूलरचा गंजलेला पाय आणि त्याखाली ठेवलेली वीट दिसते.