तोंडी मरीन प्लाय, कपाटात भुसा

किचन नवीन करायला काढलंय आणि डिझायनरने थ्रीडी चित्रं दाखवलीत, अशांनी हे जरूर वाचा. आमचं घर गोव्यात, फोंड्याला. डिझायनरचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

आराखडा त्याने चांगला केला होता, हे कबूल करायला हवं. सिंक खिडकीखाली घेतलं, मासळी साफ करायला मागे वेगळी मोरी काढली, सासूबाईंची कंबर दुखते म्हणून ओटा 33 इंचांवर आणला. डिझाइनची फी वेगळी घेतली, तीही रास्त. गडबड सुरू झाली ती "काम पण मीच करून देतो, तुम्हाला कशाला धावपळ?" इथून.

बोलण्यात कायम 'मरीन प्लाय, सातशेदहा'. आयएस 710 म्हणजे 72 तास पाण्यात उकळूनही थर सुटू नयेत, अशी कसोटी असलेला प्लाय. आपल्याकडच्या पावसात सिंकखाली तोच हवा. कोटेशनवर मात्र छापलं होतं 'वॉटरप्रूफ बोर्ड किंवा समकक्ष'. नवऱ्याने विचारलं, तर म्हणे, "भाऊ, लायनीत सगळे असंच लिहितात." माल बघायला येतो म्हटलं, तर वर्कशॉप बेळगावला. बिल मागितलं, तर साध्या कागदावर एस्टिमेट. पक्कं हवं तर 18 टक्के जीएसटी वर. आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी किचन हवं तर निम्मे पैसे आधी, माल उतरताच आणखी 40 टक्के. चवथ तोंडावर आली की गोव्यात कोण घासाघीस करतो? त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

कपाटं आली ती सगळ्या बाजूंनी लॅमिनेट चिकटवून, कडांना पट्टी मारून. आत काय आहे ते दिसायची सोयच नाही. दिसायला चकाचक.

चवथ झाली, पाहुणे गेले आणि सिंकखालचं दार बसेना. तळाची फळी फुगली होती, कडेची पट्टी सुटली होती. गल्लीतल्या मेस्तांना, म्हणजे सुतारांना, बोलावलं. त्यांनी बिजागरी उघडली. दारात बिजागरी बसवायला 35 मिलिमीटरचं गोल भोक पाडलेलं असतं, त्याला लॅमिनेट नसतं. प्लाय असता तर तिथे आडवे थर दिसले असते. दिसला तो दाबलेला भुसा. नखाने उकरला तर बोटावर आला. "वहिनी, हा प्लाय नव्हेच," मेस्त म्हणाले. पार्टिकल बोर्ड. मरीन प्लायच्या निम्म्याहून कमी किमतीचा.

डिझायनरचं उत्तर: "तुम्ही पाणी जास्त वापरता." स्वयंपाकघरात नाही तर काय दिवाणखान्यात वापरायचं? मग फोन उचलणं बंद, आणि उरलेल्या 10 टक्क्यांसाठी वर तगादा.

आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला 1972 च्या कायद्याने नोंदणी लागते. इंटिरियर डिझायनरला तशी सक्ती नाही, कार्ड कुणीही छापावं. म्हणून फी देऊन मापांसकट ड्रॉइंग ताब्यात घ्या; त्यावरून कुठलाही चांगला मेस्त काम करतो. काम डिझायनरलाच द्यायचं असेल, तर कोटेशनवर 'आयएस 710' आणि कंपनीचं नाव लिहून घ्या, 'समकक्ष' खोडायला लावा. प्लायवर आयएसआयच्या शिक्क्यासोबत लायसन्स नंबर असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. कपाटं तयार होऊनच येणार असतील, तर शेवटचा मोठा हप्ता देण्याआधी एक बिजागरी आपल्यासमोर उघडायला लावा. सिंकच्या पाइपासाठी कापलेलं भोकही बघा, तिथेही आतला माल उघडा पडतो.

आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. आमचं काम 4 लाख 60 हजारांचं; 5 लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही, मुदत मात्र दोन वर्षांचीच. कोटेशन त्याच्या बाजूने बोलतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या त्याच्या व्हॉइस मेसेजमध्ये 'सातशेदहा' स्वच्छ ऐकू येतं. तुमच्याकडे असे मेसेज असतील तर फोन बदलताना आधी ते कॉपी करून ठेवा.