वडिलांची 38 लेबलं आणि 98,039 रुपये: ऑनलाइन लिलावात वस्तू विकणाऱ्यांनी वाचावं

नाव लिहीत नाही. सोलापूर लहान आहे आणि आमच्या ह्यांचं नव्या पेठेत टॉवेल-चादरीचं दुकान आहे. बाकी माझी फसवणूक कशी झाली ते सगळं जसं घडलं तसं लिहिते. माझ्यासारखं अजून कुणी घरात बसून जुन्या वस्तू लिलावात विकत असेल, तर त्याचे पैसे तरी वाचोत.

माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. कापडाच्या ताग्यावर चिकटवायची रंगीत लेबलं ते आयुष्यभर जमवत राहिले. मोर, हत्ती, लक्ष्मी, राधाकृष्ण, सोनेरी वर्ख लावलेली. काही स्वातंत्र्याच्या आधीची. ते गेल्यावर ट्रंक माझ्याकडे आली. ईबे इंडिया ऑगस्ट 2018 मध्ये बंद झालं, त्यानंतर असली वस्तू इथल्या इथं लिलावात विकायला मला तरी जागा सापडली नाही. म्हणून जानेवारी 2025 पासून एका परदेशी साइटवर विकायला लागले. ऑगस्टपर्यंत अकरा लेबलं गेली. एक मोराचं 46 डॉलरला गेलं तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. मी काही अडाणी नाही. निर्यातीला लागणारा आयईसी कोड स्वतः डीजीएफटीच्या, म्हणजे सरकारच्या परदेश व्यापार खात्याच्या, साइटवर 500 रुपये भरून काढला, पार्सलचे कागद स्वतः भरते. हे सांगते, कारण पोलीस ठाण्यात मला पहिला प्रश्न विचारला गेला, "मॅडम, शिकलेल्या आहात ना?"

ऑगस्टमध्ये अमेरिकेची भानगड झाली. 800 डॉलरपर्यंतच्या मालाला तिकडे जी करमाफी होती ती 29 ऑगस्टपासून संपली, आणि 25 तारखेपासूनच टपाल खात्यानं अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. माझी दोन पार्सलं तयार होती. काय करावं कळेना. तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी मला व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. लिलावात विकणाऱ्यांसाठी टिपा आणि नियमांच्या बातम्या. वर्षाची फी 1,499 रुपये. भरली.

आणि तो ग्रुप चालवणारा माणूस बातम्या खऱ्या द्यायचा. हे मला पुन्हा पुन्हा सांगायचंय, कारण सगळे मला विचारतात की विश्वास कसा ठेवलास. 15 ऑक्टोबरला अमेरिकेची पार्सलं पुन्हा सुरू झाली, ते मला टपाल खात्याच्या खिडकीवर कळायच्या आधी त्या ग्रुपवर कळलं. जीएसटीचा टीसीएस, म्हणजे विक्रीच्या पैशातून साइट आधीच कापते तो कर, जुलै 2024 पासून एक टक्क्यावरून अर्धा टक्का झाला, ऑक्टोबर 2024 पासून टीडीएस, म्हणजे तसाच कापला जाणारा आयकर, 0.1 टक्का झाला, हे त्यानं नीट समजावून सांगितलं. मी आमच्या सीएंना विचारलं, ते म्हणाले बरोबर आहे. तीन महिने एकही गोष्ट चुकीची निघाली नाही. बोलायचा मराठीतच, शांतपणे, "मॅडम, घाई करू नका, आधी वाचा." असं बोलणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा तरी कशावरून?

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं की माझे 312 डॉलर अजून साइटवर अडकलेत. ही माझी चूक. आपले पैसे कुठे अडकलेत, किती अडकलेत, हे ग्रुपवर कधीही लिहू नका. समोरच्याला आपला आकडाच देतो आपण.

चार दिवसांनी त्याचा खासगी मेसेज आला. पुरावस्तू कायदा, 1972. शंभर वर्षांच्या वरची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाचा कागद, हस्तलिखित असेल तर मर्यादा 75 वर्षांची. आता तो कायदा खरा आहे. मी शोधून पाहिला, अगदी तसंच लिहिलेलं. तो म्हणाला, साइटनं भारतातल्या विक्रेत्यांसाठी नवं धोरण आणलंय, ही वस्तू पुरावस्तू नाही असं प्रमाणपत्र लावल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत. शिवाय, "तुम्ही आधी अकरा पाठवलीत ना मॅडम? त्याचं काय?"

माझ्या पोटात गोळाच आला. त्यातली दोन-तीन तरी 75 वर्षांच्या वरची असणार. घरात कुणाला बोलले नाही. उद्या दुकानावर कुणी चौकशीला आलं तर? त्या भीतीनंच मला गप्प बसवलं, लोभानं नाही. लोक म्हणतात लोभापायी फसतात. मला 312 डॉलरचा लोभ नव्हता.

आता तो क्षण. मंगळवार, 18 नोव्हेंबर, रात्री पावणेदहा. तव्यावर शेवटची भाकरी होती. त्यानं प्रमाणपत्राच्या अनामत रकमेसाठी क्यूआर पाठवला होता, 18,500 रुपये, "परत मिळणारी". मी स्कॅन केला. आणि स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. कंपनीचं नाही, सरकारी खात्याचं नाही, नाव आणि आडनाव, एका साध्या बाईचं. मी थांबले. अंगठा स्क्रीनच्या वर होता. भाकरी करपल्याचा वास आला, मी गॅस बंद केला, परत फोन घेतला आणि त्याला विचारलं, हे कुणाचं नाव? त्यानं लगेच लिहिलं, "आमच्या फायनान्सच्या मॅडम आहेत, नोडल खातं त्यांच्या नावावर आहे." आणि मी पिन टाकला.

त्या करपलेल्या भाकरीला दोन महिने झाले, पण रोज रात्री तीच वेळ आली की मला ते नाव दिसतं. स्कॅन केल्यावर नाव दाखवतात ते कशासाठी? थांबण्यासाठीच ना? मी थांबलेही होते. विचारलंही. पण ज्याच्यावर शंका आली त्यालाच विचारलं. हे शेजारच्या खोलीत बातम्या बघत होते, त्यांना एक हाक मारली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

दुसरं असं, की त्याच रात्री मी साइटवर माझ्या खात्यात जाऊन पाहिलं होतं. तिथल्या सूचनांमध्ये या धोरणाबद्दल एक अक्षर नव्हतं. 312 डॉलरसमोर नेहमीचंच लिहिलेलं, पार्सल पोचल्याची नोंद झाल्यावर मिळतील. मला वाटलं, सूचना यायची असेल. लक्षात ठेवा, साइटचा नियम असेल तर तो आपल्या खात्याच्या आत दिसतो. आत नसेल तर नियमच नाही, मग ग्रुपवर कितीही कलमं लिहून येवोत.

पुढचं भराभर सांगते, कारण लिहितानाही हात थरथरतो. 21 नोव्हेंबरला "तपासणीसाठी" 38 लेबलं स्पीड पोस्टनं दिल्लीच्या एका पत्त्यावर पाठवली. उरलेल्यांमधली सगळ्यात चांगली. 26 तारखेला 36,240 रुपये, विलंब शुल्क आणि विमा म्हणून. 2 डिसेंबरला 41,800 रुपये, आधीच्या अकरा लेबलांचं प्रकरण "मिटवायला". ग्रुपच्या फीसकट 98,039 रुपये. त्यातले 41,800 मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या भिशीचे होते. 5 डिसेंबरला त्यानं अजून 62,000 मागितले तेव्हा मी पुण्याला मुलीला फोन केला. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही.

ती पुरावस्तूची तपासणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून होते. माझी लेबलं त्या कायद्यात बसतात की नाही, हे ठरवणारा तो कोण होता? आणि साधी गोष्ट बघा, टीसीएस असो, टीडीएस असो, साइटचं कमिशन असो, जे काही घ्यायचं ते आपल्याला मिळणाऱ्या पैशातून कापून घेतात. अडकलेले पैसे सोडवायला वेगळे पैसे भरा असं कुणी म्हटलं की फोन ठेवा. हे मला त्यानंच शिकवलेलं, कापून घेतात म्हणून.

त्याच रात्री 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, तक्रार नोंदली, नंबर मिळाला. पण पहिल्या पैशाला सतरा दिवस झाले होते. पुढे कुठल्या तरी तिसऱ्या खात्यात 6,112 रुपये अडवले गेले. तेवढेच. लाज सोडून पहिल्या तासात फोन करा. मी तीन दिवस, 2 तारखेपासून 5 पर्यंत, नुसती पंखा बघत पडले होते. मनाला कळलं होतं.

आता पोलीस ठाणं. 6 डिसेंबरला गेलो, साहेब बंदोबस्तावर. 8 ला गेलो तर म्हणाले ऑनलाइन केलीय ना तक्रार, मग इथं कशाला? मी म्हटलं एफआयआर पाहिजे. "बँकेचं पत्र आणा." बँकेत गेले. "एफआयआरची प्रत आणा, मग पत्र देऊ." परत ठाण्यात. स्टेटमेंट, चॅटचे प्रिंट, सव्वीस पानं, दोन प्रतींचे 104 रुपये. ते गठ्ठा बघून म्हणाले, आरोपी दिल्लीचा आहे, आमच्या हद्दीत येत नाही. मुलीनं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 दाखवलं, गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती द्यायला हद्दीची अट नाही असं त्यात स्पष्ट आहे. तो हवालदार म्हणाला, "ताई, कायदा आम्हाला शिकवू नका." आणि वर, "लाखाच्या आत आहे की, लोकांचे चाळीस-चाळीस लाख गेलेत." लाखाच्या आत म्हणजे चोरी नव्हे का? माझे 98,039 हे माझ्यासाठी लाखाच्या आत नाहीत, ते सगळे होते. पाचव्या खेपेला सांगितलं, आता गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचा, बंदोबस्त आहे, संक्रांतीनंतर या. यात्रा संपली, होम मैदानावरचे पाळणेही उतरले, मी परत गेले. ते साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी विचारलं, "शिकलेल्या आहात ना?"

बँकेतल्या बाईंचंही ऐका. मी रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं परिपत्रक नेलं होतं, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी नाही वगैरे. त्या म्हणाल्या, ते तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर. इथं पिन तुम्हीच टाकलाय. नियमानं बरोबर असेल त्यांचं. पण ज्या खात्यात गेले ते खातं कुणी उघडून दिलं, केवायसी कुणी केलं, हे विचारलं तर म्हणाल्या ती दुसरी बँक. आणि अडवलेल्या 6,112 रुपयांसाठी कोर्टातून आदेश आणायला सांगितलंय. वकील 5,000 मागतो.

अजून एक, घाईनं. मूळ वस्तू तपासायला कधीही कुणाला पाठवू नका. फोटो मागितले तर फोटो, तेही वॉटरमार्क, म्हणजे फोटोवर आपलं नाव, टाकून. पैसे मी परत कमवीन. स्पीड पोस्टच्या ट्रॅकिंगवर "25 नोव्हेंबर, वितरित" एवढंच येतं.

म्हणून शेवटी हे मागणं. कुठल्याही लिलावात मिलच्या लेबलांचा गठ्ठा दिसला तर मागची बाजू बघा किंवा फोटो मागवा. उजव्या खालच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं बारीक मराठी आकडा आणि त्याखाली छोटी आडवी रेघ, ती माझ्या वडिलांच्या हातची. माझ्याकडून गेलेले आकडे 12 ते 49. दिसलं तर बोली लावू नका, स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि विक्रेत्याचं खातं दिसेल असा, आणि इथे खाली कळवा.