पत्ता की शोध? चार ब्राउझरांच्या ॲड्रेस बारची झडती

ब्राउझरच्या डोक्यावरच्या एकाच पट्टीकडून आपण दोन कामं करून घेतो. साइटचा पत्ता तिथेच टाकायचा आणि मनात येईल ते शोधायचंही तिथेच. एंटर दाबलं की यातलं नेमकं कोणतं काम करायचं, हे पट्टी स्वतःच ठरवते. बहुतेक वेळा बरोबर ठरवते. चुकली, की ऑफिसच्या सर्व्हरऐवजी त्याच नावाच्या सिनेमाचं परीक्षण समोर येतं.

हे एकत्र कुटुंब २००८च्या सप्टेंबरमध्ये क्रोमने रुळवलं. सफारी २०१२ मध्ये त्याच वाटेने गेली. फायरफॉक्सने मात्र शोधाची चौकट बरीच वर्षं वेगळी ठेवली आणि नोव्हेंबर २०१७च्या ५७व्या आवृत्तीत नव्या वापरकर्त्यांसाठी ती काढून टाकली. मायक्रोसॉफ्टचा एज आतून क्रोमियमच आहे, म्हणजे क्रोम ज्या खुल्या सांगाड्यावर उभा आहे तोच, त्यामुळे क्रोमबद्दल लिहिलेलं जवळपास सगळं त्यालाही लागू होतं. फरक इतकाच, की चुकलेला शोध मुळात बिंगकडे जातो.

एक सूचना आधीच: खालचे पत्ते, आकडे आणि सेटिंगची नावं देवनागरीत छापली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायची. देवनागरी आकडे का चालत नाहीत, ते पुढे येईल.

क्रोम: चांगला अंदाज, पण अंदाजच

क्रोमचा निर्णय एंटरनंतर होत नाही, तो प्रत्येक अक्षरागणिक बदलत असतो. खाली उघडणाऱ्या यादीतल्या पहिल्या ओळीचं चिन्ह बघा. भिंग किंवा सर्च इंजिनचा लोगो असेल तर शोध होणार, पृथ्वीगोल असेल तर पत्ता उघडणार. एंटरच्या आधी अर्धा सेकंद तिकडे नजर टाकायची सवय लावली, तर निम्म्या तक्रारी उरणार नाहीत.

आतला हिशेब साधारण असा. पुढे 'एचटीटीपी://' किंवा 'एचटीटीपीएस://' असेल तर वादच नाही, तो पत्ता. ते नसेल तर पहिल्या स्लॅशच्या आधीचा भाग हे साइटचं नाव धरून तपासलं जातं. त्यात जागा सुटलेली असेल तर शोध. टिंबानंतरचा शेवट माहितीतला असेल, म्हणजे .कॉम, .इन, .को.इन, तर पत्ता. या शेवटांची एक मोठी यादी फायरफॉक्सवाली मोझिला सांभाळते आणि ती क्रोमच्याही पोटात असते. शेवट यादीत नसेल तर कल शोधाकडे. म्हणूनच घरच्या नेटवर्कवर फाइली साठवणाऱ्या यंत्राला हौसेने ठेवलेलं 'एनएएस.लॅन' हे नाव पहिल्यांदा टाकलं की सर्च इंजिनकडे जातं. .लॅन नावाचा शेवट जगात अधिकृतपणे कुठे नाहीच.

एकट्या शब्दाची गोष्ट जास्त नाजूक आहे. 'प्रिंटर' एवढंच टाकलं तर वापरणाऱ्याला प्रिंटर विकत घ्यायचाय, की नेटवर्कवरच्या प्रिंटर नावाच्या यंत्राचं पान उघडायचंय? क्रोम शोधाची बाजू घेतो. याला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे शेवटी एक स्लॅश. 'प्रिंटर/' टाकलं की तो पत्ताच मानला जातो. नावापुढे अपूर्णविराम आणि पोर्टचा आकडा दिला तरी हाच निकाल लागतो, त्यामुळे 'लोकलहोस्ट:३०००' टाकणाऱ्या डेव्हलपरला काहीच त्रास होत नाही. स्लॅश मात्र शेवटीच हवा. मध्ये असून भागत नाही. 'टीसीपी/आयपी' टाकलं तर शोध होतो, आणि तेच योग्य आहे. पण त्याच नियमाने कंपनीतला 'गो/रजा' असा आखूड दुवाही पहिल्यांदा शोधात जातो. एकदा 'एचटीटीपी://' लावून तो उघडला, की क्रोम लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी त्यालाच वर आणतो. इतिहास पुसलात तर ही आठवणही पुसली जाते. 'काल चालत होतं, आज का नाही' या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथेच असतं.

एका शब्दाचा शोध करताना क्रोम मागच्या बाजूने त्या नावाचं यंत्र नेटवर्कवर आहे का, हेही चाचपून पाहू शकतो. सापडलं तर 'तुम्हाला तिकडे जायचं होतं का?' अशी पट्टी दाखवतो. कल्पना छान, पण तिची किंमत भलत्यांनीच मोजली. काही इंटरनेट कंपन्या अस्तित्वात नसलेल्या नावालाही 'आहे' असं खोटं उत्तर देऊन आपल्या जाहिरातीच्या पानावर नेतात. अशी लबाडी ओळखण्यासाठी क्रोम सुरू होताना, आणि नेटवर्क बदलल्यावरही, ७ ते १५ अक्षरांची तीन निरर्थक नावं विचारायचा. त्यांतल्या कोणत्याही दोघांना एकच उत्तर आलं तर लबाडी पक्की. असली नावं कुठल्याच यादीत नसल्याने हे प्रश्न थेट डीएनएसच्या (नावावरून यंत्राचा आकडी पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेच्या) मूळ सर्व्हरांपर्यंत चढत. २०२० मध्ये मोजणी झाली तेव्हा मूळ सर्व्हरांवरची जवळपास निम्मी वर्दळ या एका तपासणीची निघाली. त्यानंतर क्रोमियमने ती आवरती घेतली. एक शब्द पत्ता आहे की शोध, एवढं ठरवायला आख्ख्या इंटरनेटच्या मुळाशी इतकी गर्दी!

कंपनीतल्या शेकडो संगणकांवर एकशब्दी नावं चालवायची असतील, तर प्रत्येकाला स्लॅश शिकवत बसू नका. क्रोम आणि एज दोन्हींत 'एकशब्दी नोंद थेट इंट्रानेटकडे, म्हणजे कंपनीच्या आतल्या नेटवर्ककडे, न्या' अशा अर्थाचं प्रशासकीय धोरण आहे. ते चालू केलं की कल उलटा होतो.

उलट्या बाजूची चूक

शोधायचं होतं आणि पत्ता उघडला, हा प्रकार जास्त चिडचिड करवतो. याची दोन मुख्य कारणं.

पहिलं कारण फाइलींच्या नावांचं. 'रीडमी.एमडी', 'इन्स्टॉल.एसएच', 'मेन.आरएस', 'टेस्ट.पीवाय' ही प्रोग्रामरच्या रोजच्या वापरातली नावं. पण .एमडी मोल्डोवाचा, .एसएच सेंट हेलेनाचा, .आरएस सर्बियाचा, .पीवाय पॅराग्वेचा. बार ही नावं पत्ता समजून निघतो आणि 'साइट सापडत नाही' म्हणून परततो. 'नोड.जेएस' मात्र शोधात जातं, कारण .जेएस कुठल्याच देशाच्या वाट्याला आलेला नाही. मे २०२३ पासून .झिप शेवटाची नावंही कोणालाही विकत घेता येतात, त्यामुळे 'बिल.झिप' आता पत्ता आहे. फाइलीबद्दल शोधताना उगाच कुणाच्या तरी अनोळखी साइटवर पोचायचं नसेल, तर आधी प्रश्नचिन्ह टाका: '?बिल.झिप'. क्रोम, एज आणि फायरफॉक्समध्ये सुरुवातीचं प्रश्नचिन्ह म्हणजे 'पत्ता समजू नको, शोधच' असा हुकूमच. कंट्रोल आणि के दाबूनही तेच साधतं.

दुसरं कारण आपोआप पुरं होणारं नाव. 'महा' एवढं टाकून एंटर दाबावं, तर क्रोम इतिहासातून 'महाराष्ट्र.गव्ह.इन' पुरं करून तिकडेच घेऊन जातो. पुढचा निळसर भाग डिलीटने उडवायचा आणि मगच एंटर दाबायचं. तीच सूचना पुन्हापुन्हा छळत असेल, तर बाणाने तिच्यावर जाऊन शिफ्ट-डिलीट. ती यादीतूनच जाते.

आकड्यांत क्रोम बराच शहाणा आहे. १९२.१६८.१.१ असे चारही भाग दिले तर पत्ता, नुसतं १.५ टाकलं तर शोध. एप्रिल २०२१च्या ९०व्या आवृत्तीपासून टाइप केलेल्या पत्त्याला क्रोम आधी एचटीटीपीएस (एचटीटीपीचं सुरक्षित रूप) लावून बघतो, पण आयपी पत्ते (यंत्रांचे असे आकडी पत्ते) आणि एकशब्दी नावं त्यातून वगळली आहेत. राउटरचं पान अजूनही सरळ उघडतं ते त्यामुळेच.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०१४ मध्ये .भारत हा देवनागरी शेवट सुरू झाला. मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी अशा भाषांना तो एकच आहे, आणि तो शेवटांच्या यादीतही आहे. म्हणजे बार देवनागरी पत्ते नीट ओळखतो. कधीकधी जरा जास्तच! 'कोण जिंकला.भारत' यात जागा सुटली आहे, म्हणून शोध. तेच 'जिंकला.भारत' एवढंच टाकलं तर तो पत्ता होतो. पूर्णविरामानंतर जागा न सोडणाऱ्यांनी जपून.

इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर (भारतीय लिप्यांसाठीच्या सरकारी मांडणीत) टिंबाच्या कळीबरोबर शिफ्ट दाबली गेली, तर टिंबाऐवजी दंड पडतो: '।'. दंडाला ब्राउझर टिंब मानत नाही, त्यामुळे नाव सबंध एकच शब्द बनतं आणि शोधात जातं. देवनागरी आकड्यांचंही तसंच. १९२.१६८.१.१ हे देवनागरीत टाकलं तर ब्राउझरला तो आयपी पत्ता वाटतच नाही. चिनी-जपानी लिखाणातलं गोल पूर्णविरामचिन्ह ब्राउझर टिंबात बदलून घेतात, आमच्या दंडाला आणि आकड्यांना ती सवलत नाही. शोधायला हरकत नाही, पण राउटरसाठी कीबोर्ड इंग्रजीवर आणावाच लागतो.

अजून एक बारीक गोम 'ऱ्य'ची. 'ऱ' वापरून लिहिलेला 'ऱ्य' आणि साध्या 'र'नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून साधलेला तसाच दिसणारा 'र्‍य' डोळ्यांना सारखे, पण संगणकाला ही दोन वेगळी नावं. देवनागरी पत्ता उघडत नसेल, तर तो पुन्हा टाइप न करता मूळ ठिकाणाहून कॉपी करा.

रोमन मराठी लिहिणाऱ्यांची मजा वेगळीच. रोमनमध्ये 'काय.रे' टाकलंत तर ब्राउझर रियुनियन बेटाच्या शेवटाकडे धावतो, 'हो.ना' टाकलंत तर थेट नामिबिया.

फायरफॉक्स: नियम आपल्या हातात

मुळातले निर्णय क्रोमसारखेच आहेत, शेवटचा स्लॅशही इथे चालतो. फरक असा, की फायरफॉक्समध्ये यातला प्रत्येक नियम बदलता येतो. बारमध्ये 'अबाउट:कॉन्फिग' टाका, इशारा स्वीकारा आणि 'ब्राउझर.फिक्सअप.डीएनएस_फर्स्ट_फॉर_सिंगल_वर्ड्स' शोधून ट्रू करा. आता एकटा शब्द आधी नेटवर्कवर शोधला जाईल, नाही मिळाला तरच सर्च इंजिनकडे जाईल. घरात किंवा छोट्या ऑफिसात हे पुरतं. तोटा असा, की प्रत्येक एकशब्दी शोध आधी डीएनएसला जातो, आणि खोटं उत्तर देणाऱ्या इंटरनेट कंपनीचं कनेक्शन असेल तर शोधाऐवजी जाहिरातच दिसते.

त्यापेक्षा नेमका मार्ग म्हणजे परवानगीची यादी. त्याच पानावर 'ब्राउझर.फिक्सअप.डोमेनसफिक्सव्हाइटलिस्ट.' आणि टिंबापुढे आपला शेवट, उदाहरणार्थ 'लॅन', असं नाव टाका. असं सेटिंग आधी नसतं, म्हणून फायरफॉक्स प्रकार विचारतो. बूलियन (हो-नाही प्रकार) निवडा, अधिक चिन्ह दाबा, ट्रू राहू द्या. आता 'एनएएस.लॅन' विनास्लॅश उघडतं. एकशब्दी नावासाठी 'सफिक्स' गाळून 'डोमेनव्हाइटलिस्ट.' आणि पुढे ते नाव.

बारने कधीच शोधू नये असं वाटणाऱ्यांना 'कीवर्ड.एनेबल्ड' फॉल्स करता येतं. मग वेगळी शोधचौकट टूलबारवर परत आणायची. जुनी व्यवस्था, दोन खोल्यांची. चारही ब्राउझरांत ही सोय फक्त इथे आहे, आणि आमच्या मते एवढ्यावरच फायरफॉक्स पहिला येतो.

बारमध्ये आधी तारा आणि जागा टाकली तर फक्त बुकमार्क, टोपीचं चिन्ह ^ टाकलं तर इतिहास, टक्क्याचं % टाकलं तर उघडे टॅब. क्रोममध्ये यासाठी ॲट-चिन्हापुढे शब्द लिहावे लागतात.

सफारी

सफारीबद्दल लिहिण्यासारखं कमी, कारण बदलण्यासारखं कमी. स्लॅशची युक्ती चालते, पूर्ण पत्ता चालतो, बाकी ॲपल ठरवेल ते. मॅकवर नेटवर्कची यंत्रं सांभाळणाऱ्याने बुकमार्क करून ठेवावेत, हे उत्तम.

काय कुणाकडे जातं

बारची चूक नुसती वेळ खात नाही. शोध समजून घेतलेला मजकूर सर्च इंजिनकडे पोचतो. क्रोममध्ये नुसता ईमेल पत्ता टाकला तरी तो शोध धरला जातो. कंपनीतल्या सर्व्हरांची नावंही याच वाटेने बाहेर पडतात. एंटर दाबण्याआधीच सूचनांसाठी अक्षरं पाठवली जातात, ते वेगळंच. क्रोममध्ये 'तुम्ही आणि गूगल' या विभागात शोध-सूचना सुधारण्याचं बटण बंद करता येतं, फायरफॉक्समध्ये सर्च विभागातली सूचनांची खूण काढता येते. पासवर्ड चुकून बारमध्ये टाइप होतो तेव्हा या बटणाची किंमत कळते.

मोबाइलवर सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते कीबोर्डमुळे. सुचवलेला शब्द निवडला की कीबोर्ड पुढे जागा सोडतो, मग '.कॉम' त्या जागेनंतर पडतं, आणि जागा म्हणजे शोध. कर्सर मागे नेऊन ती जागा खोडा.