सोफ्याच्या खोळी घरी रंगवताना: गरम पाण्याचा रंग की सोड्याचा?

खोळींचे कापड अजून धड आहे, पण रंग विटला आहे, आणि कापड सुती किंवा लिननचे आहे, असे गृहीत धरून हे लिहीत आहे. घरी रंगवायचे म्हटले की दोन मार्ग समोर येतात: गरम पाण्यात मीठ घालून चढवायचा सर्वसाधारण रंग, किंवा मीठ घातलेल्या कोमट पाण्यात रंगवून धुण्याच्या सोड्याने पक्का करायचा रिअॅक्टिव्ह रंग. एकाच सोफ्याच्या खोळींवर मी काही वर्षांच्या अंतराने दोन्ही करून पाहिले.

सोय पाहिली तर पहिला मार्ग सरस आहे. रंग पाण्यात विरघळवायचा, मीठ घालायचे आणि कापड हलवत राहायचे, की तासाभरात काम उरकते. कापडात थोडे नायलॉन असेल तर तेही हा रंग बऱ्यापैकी धरते. अडचण आकाराची येते. उशीच्या अभ्र्याएवढे कापड पातेल्यात उकळता येते, पण तीन जणांच्या सोफ्याची खोळ भिजल्यावर दोन्ही हातांनी उचलवत नाही, आणि तेवढे पाणी शेवटपर्यंत कढत ठेवणे घरात जवळजवळ अशक्यच असते. माझ्या खोळीच्या घड्यांमध्ये फिकट पट्टे राहिले, ते याच कारणाने असावेत.

पट्ट्यांचे मला फारसे वाटले नाही. रंग कपड्यांना लागू लागला, ते मात्र सहन झाले नाही. गडद निळी खोळ वाळून सोफ्यावर चढली आणि आठवडाभरातच, घामेजल्या पाठीने टेकून बसलेल्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्यावर दोन्ही खांद्यांखाली निळसर छटा उमटली. पुढे प्रत्येक धुण्यात पाणी निळे होत राहिले. असे रंग धाग्याला क्षीण बंधांनी धरून असतात, त्यामुळे गडद छटेत हा त्रास होतोच. रंग पक्का करणारी द्रावणे मिळतात. तीही वापरून पाहिली, फरक पडला, पण मनातली धास्ती गेली नाही.

रिअॅक्टिव्ह रंग १९५६ साली बाजारात आले. सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी झाले की हा रंग सेल्युलोजशी, म्हणजे सुती-लिननचा धागा ज्याचा बनलेला असतो त्या द्रव्याशी, रासायनिक बंधच जोडतो, म्हणून तीसचाळीस अंशांचे पाणी पुरते आणि मोठ्या टबात निवांत काम करता येते. कष्ट मात्र जास्त आहेत, हे मान्य करायला हवे. भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क हवाच. सोडा थेट कापडावर न ओतता वेगळा विरघळवून थोडाथोडा घालावा लागतो, आणि खाण्याचा सोडा त्याच्या जागी चालत नाही. शिवाय काही रंग धाग्याऐवजी पाण्याशीच जोडला जातो; तो काढण्यासाठी आधी थंड पाण्याने मीठ-सोडा घालवून मग गरम पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळावे लागते. माझे पाच वेळा धुणे झाले. त्यानंतर ओली पांढरी चिंधी खोळीवर दाबून घासली, तर ती पांढरीच राहिली.

शिलाईचा दोरा पॉलिएस्टरचा असेल तर दोन्ही मार्गांत तो जुन्याच रंगाचा राहतो. माझ्या खोळीच्या कडेने अजून बदामी टाके दिसतात. गडदाचे फिकटही दोन्हींत होत नाही. उशांचे दोनचार अभ्रे फिकट छटेत रंगवायचे असतील तर गरम पाण्याचा रंग पुरेसा ठरेल. रोज बसण्याच्या सोफ्याला गडद रंग हवा असेल, तर माझ्या अनुभवापुरते सांगतो, सोड्याच्या रंगासाठी एक अख्खा दिवस मोकळा ठेवावा.