डिक्कीच्या रबराचा ‘ओरिजनल’ सेट: कात्री लावण्याआधी वाचा

आमच्याकडे टाटा इंडिगो मरीना आहे, २००६ ची, डिझेल. दारव्हा तालुक्यात आमचं गाव. वडिलांनी ही गाडी घेतली ती मागच्या जागेसाठी. मागचं सीट पाडलं की ढेपीची पोती, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी, सगळं आत मावतं. आणि याच गाडीतून मी दर दोन महिन्यांनी आईला सेवाग्रामच्या दवाखान्यात नेतो. यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा असा रस्ता.

गेल्या वर्षी मार्चमध्ये परत येताना देवळीच्या पुढे आई म्हणाली, “धुराचा वास येऊन राहिला, डोकं जड झालं.” कळंबला चहाला थांबलो तर तिला उलटी झाली. मला वाटलं सायलेन्सर फुटला. आमच्या मिस्त्रीनं गाडी वर घेऊन पाहिली, सायलेन्सर धड होता. मग त्यानं डिक्की उघडून तिच्या चौकटीभोवती फट बुजवायला बसवलेल्या रबरावर बोट फिरवलं. अठरा उन्हाळे खाल्लेलं रबर चपटं होऊन तडकलं होतं. अशा गाडीला पेटीसारखी वेगळी डिक्की नसते, मागचं उभं दार हीच डिक्की, त्यामुळे गाडीची पाठ सरळ उभी असते. गाडी धावताना त्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर, रस्त्याचा फुफाटा तिथंच घुटमळतो. डिक्कीचं रबर गेलेलं असलं की तो फटीतून आत ओढला जातो. पुढची काच थोडी उघडी असली तर आणखीच. म्हणजे प्रश्न नुसत्या धुळीचा नव्हता, मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या श्वासाचा होता. म्हणूनच मी घाई केली आणि त्या घाईतच फसलो.

मरीना २००४ साली आली आणि काही वर्षांतच बंद झाली. गाडी इंडिगोवरून बनवलेली, इंडिगो इंडिकावरून. त्यामुळे पुढच्या दारांचं काही ना काही मिळून जातं. पण मागचं उभं दार इंडिगोला नाहीच, तिला वेगळी डिक्की आहे. मरीनाचं डिक्कीचं रबर मरीनाचंच लागतं. यवतमाळला तीन दुकानं फिरलो, नागपूरला दोन. सगळीकडे एकच उत्तर, “आता येत नाही.”

मग एका ओळखीच्यानं मोबाइलवर एक नंबर पाठवला. परप्रांतातला विक्रेता, जुन्या गाड्यांचा माल ठेवतो म्हणे. त्याच्याकडून फोटो आला: हिरव्या फरशीवर पांढरा खोका, वर होलोग्राम, पार्ट नंबरचं लेबल, बाजूला काळ्या रबराचं वेटोळं. “बस दो ही सेट बचे हैं भैया, कंपनी का पुराना स्टॉक है.” चार दारं आणि डिक्की मिळून ६,४०० रुपये, आधी पूर्ण. मी यूपीआयनं टाकले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला खोक्यातच येईल.

खोक्यात आला तो पांढऱ्या कागदावर लिहिलेला आकडा. जीएसटी नंबर नाही, दुकानाचा पत्ता नाही. आणि पाच वेगळी रबरं नव्हती, एकच लांब वेटोळं होतं. आमच्या गाडीची जुनी रबरं प्रत्येक दाराची वेगळी आणि गोल सांधलेली होती. मी फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “ऐसे ही आता है, अपने नाप से काट लो.”

खरा फासा हाच होता. परतीची मुदत सात दिवस, आणि अट अशी की माल कापलेला नसावा. पण कापल्याशिवाय बसवता येत नाही आणि बसवल्याशिवाय कळत नाही. मिस्त्री म्हणाला होता, “भाऊ, आधी डिक्कीचंच लावून पाहू, बाकी राहू द्या.” आईची पुढची तारीख जवळ आली होती, म्हणून मी म्हटलं सगळंच करून टाका. त्यानं पाचही तुकडे कापले. जुनी रबरं कोपऱ्यात टाकली होती, ती संध्याकाळी भंगारवाला घेऊन गेला. त्या जुन्या रबरांची किंमत मला नंतर कळली.

मे महिन्यात गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली. आमच्याकडे तेव्हा पारा पंचेचाळीसला टेकतो. संध्याकाळी दार ओढलं तर रबर रंगाला चिकटून दारासोबत बाहेर आलं, पत्र्यावर काळा पट्टा ठेवून. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हा डिक्कीतला गालिचा उचलून पाहिला, खाली बोटभर पाणी. धुराचा वासही तसाच.

तेव्हा मिस्त्रीनं एक तुकडा ब्लेडनं आडवा कापून माझ्या तळहातावर ठेवला आणि मापाला ठेवलेल्या दुसऱ्या गाडीच्या जुन्या रबराचा तुकडा त्याच्याशेजारी. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या दोन तुकड्यांनी. खऱ्या रबराचे दोन भाग असतात. एक ‘यू’ आकाराची पकड, जी चौकटीच्या पत्र्याच्या कडेवर घट्ट बसते, तिच्या आत धातूची पट्टी असते आणि गोंद लागत नाही. दुसरा भाग वरची पोकळ, स्पंजसारखी मऊ नळी. दार लागलं की तीच दबते आणि फट बुजवते. माझ्या तुकड्यात धातू नव्हताच, पकड नुसती प्लास्टिकची. वरची नळी कडक, चकचकीत. “भाऊ, हे रबर नाही, हे प्लास्टिक हाय,” मिस्त्री म्हणाला.

त्यानं ते सिद्धही करून दाखवलं. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवली, त्या तुकड्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन, आणि क्लोरीन पीव्हीसी या प्लास्टिकमध्ये असतं. दारांची चांगली रबरं ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात, त्यात ते नसतं. ईपीडीएम ऊन, पाऊस, ओझोन वर्षानुवर्षं सोसतं. हे करायचं तर उघड्यावर करा, तो धूर नाकात जाऊ देऊ नका. याहून सोपी तपासणी घरी होते: नळी कपड्याच्या चिमट्यात रात्रभर दाबून ठेवा. चांगला स्पंज सकाळी फुगून जवळजवळ मूळच्या जागेवर येतो. माझा तुकडा दोन दिवसांनीही चपटाच होता.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, मिस्त्रीनं चुकीचं लावलं. मग म्हणाला, काटा हुआ माल वापस नहीं होता. मग नंबर बंद. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. समोर कोण होता, हेच मला सांगता येईना. माझ्याकडे होतं फक्त यूपीआयवरचं एक नाव आणि बंद पडलेला नंबर. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण नोटीस पाठवायला पत्ता हवा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तेव्हा दोन महिने उलटून गेले होते. तो फोन लगेच केला तरच पैसे पुढे सरकण्याआधी थांबवता येतात. माझे ६,४०० रुपये गेले ते गेलेच.

ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे त्यांनी जुनं रबर फेकू नका, कितीही फाटलेलं असलं तरी. त्याचा बोटभर तुकडा आडवा कापून पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा: नळीची उंची, पकडीची रुंदी, पत्र्याची जाडी. विक्रेत्याकडून तसाच आडव्या छेदाचा फोटो मागा. पार्ट नंबरचं लेबल कोणीही छापतं. शेवटी मला नागपूरच्या भंगार बाजारात इंडिगोच्या दारांची बरी रबरं मिळाली. डिक्कीसाठी मिस्त्रीकडचा तो तुकडा खिशात घालून रबराच्या दुकानात गेलो आणि मीटरवर मिळणाऱ्या ईपीडीएम बीडिंगमधून, म्हणजे रबरी पट्ट्यांमधून, जुळणारं घेतलं. आधी हातभरच घेतलं, बसवून पाहिलं, मग बाकीचं. जाड घेऊ नका, डिक्की आपटून लावावी लागते आणि बिजागऱ्या जातात. सांधा खाली ठेवला, वर ठेवला असता तर छतावरून ओघळणारं पाणी थेट त्यावर आलं असतं. डिक्कीत दहाची नोट अडकवून सगळ्या बाजूंनी ओढून पाहिली, जिथं सैल निघाली तिथं लॉकचा खटका थोडा आत घेतला. मग पोराला टॉर्च देऊन आत बसवलं आणि बाहेरून पाण्याच्या मोटारीचा पाइप सोडला. “बाबा, डाव्या कोपऱ्यातून येऊन राहिलं,” तो ओरडला. तो कोपरा पुन्हा बसवला.

गेल्या आठवड्यात दिग्रसच्या एका ओळखीच्यानं मला मोबाइल दाखवला. वेगळा नंबर, वेगळं नाव, पण फोटोत तीच हिरवी फरशी, तोच खोका, “बस दो ही सेट बचे हैं.” पैसे टाकायचे राहिले होते. मी त्याला म्हटलं, फक्त एवढं विचार, रबर आडवं कापून आजच्या पेपरवर ठेवून फोटो पाठवता का? त्यानं विचारलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आजवर आलेलं नाही.